घरी घुमतो, बँडमध्ये हरवतो

प्रश्न : मी एका बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. आमच्या यादीत सोल, रेगे, फंक, क्लासिक रॉक आणि शेवटी दोन-तीन मेटलची गाणी असं सगळंच असतं. माझा बेस चार तारांचा, दोन जॅझ पिकअपचा (पिकअप म्हणजे तारांचा कंप विजेच्या संकेतात बदलणारा भाग) आणि अ‍ॅक्टिव्ह प्रीअ‍ॅम्पचा आहे. सोबत एक मल्टिइफेक्ट पेडल आहे. घरी छोट्या अ‍ॅम्पवर बसून प्रत्येक शैलीसाठी मी वेगळा पॅच, म्हणजे साठवून ठेवलेलं सेटिंग, बनवला आहे आणि तिथे सगळे पॅच मस्त वाजतात. रिहर्सलला गेलो की मात्र बेस एकतर नुसता घुमतो, नाहीतर ऐकूच येत नाही. गिटारवाला म्हणतो ‘वाढव’, साउंडवाला म्हणतो ‘कमी कर’. कधीकधी मधेच आवाज फाटतोसुद्धा. प्रत्येक शैलीचं नेमकं सेटिंग सांगाल का? फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या) तारा लावू का? की सरळ एकाच पिकअपचा प्रिसिजन बेस घेऊ?
— दोघांच्या कात्रीत सापडलेला बेसवाला

उत्तर : तुमचा गिटारवाला खरं बोलतोय आणि साउंडवालाही खरंच बोलतोय. दोघांची तक्रार एकाच आवाजाच्या दोन वेगळ्या भागांबद्दल आहे. साउंडवाल्याला छळतोय तो शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली साचलेला गडगडाट. गिटारवाल्याला मिळत नाहीये तो त्याच्या बराच वरचा भाग, साधारण ४०० ते १००० हर्ट्झचा. आत्ता कोणता सूर वाजला आणि नेमका कधी वाजला, हे बँडच्या गोंगाटात कानाला तिथूनच कळतं. अशा वेळी व्हॉल्यूमचा नॉब कुठेही नेला तरी दोघांपैकी एक जण नाराज राहणारच.

हे सगळं सुरू होतं तुमच्या घरी. आवाज लहान असला की आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात, मधले त्या मानाने जास्त. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये याचे आलेखच मांडले. त्यामुळे घरी हळू आवाजात वाजवताना हात आपोआप लो आणि ट्रेबल वाढवतो आणि मिड कापतो. ऐकायला झकास लागतं. रिहर्सलला आवाज कितीतरी पटींनी मोठा होतो, कानाला त्या मदतीची गरज उरत नाही, आणि घरी घातलेला जादा खर्ज आता सगळ्यांच्या छातीवर बसतो. आणि घरी कापलेले मिड? बँडमध्ये तुम्हाला ऐकू आणणारी गोष्ट नेमकी तीच होती.

दुसरी भानगड स्पीकरची. बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झला वाजते. घरच्या छोट्या अ‍ॅम्पचा स्पीकर तिथवर जवळजवळ पोचतच नाही. तुम्ही ऐकता ते तिचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत आपोआप उमटणारे वरचे सूर, ८२ आणि १२३ हर्ट्झचे आणि त्यावरचे, आणि त्यांवरून मेंदू तळाचा सूर स्वतःच जुळवून घेतो. म्हणजे जे बाहेर पडतच नव्हतं ते ऐकायला यावं म्हणून तुम्ही लोचा नॉब वाढवत राहिलात. मोठ्या कॅबिनेटवर तेच सगळं इमानेइतबारे बाहेर पडतं. त्यात अ‍ॅम्प खोलीच्या कोपऱ्यात असेल तर दोन्ही भिंती खर्जाला आणखी रेटा देतात. ४१ हर्ट्झची एक लहर आठ मीटरहून लांब असते, त्यामुळे खोलीत एका जागी ती प्रचंड वाटते आणि चार पावलं सरकलं की गायब होते. तुम्ही उभे असता तिथे ती गायब असेल आणि साउंडवाला बसतो तिथे फुगलेली असेल, तर तुमच्या भांडणात कोणाचीच चूक नाही.

तेव्हा ते पॅच आधी बाजूला ठेवा. पुढच्या रिहर्सलला बेसचा प्रीअ‍ॅम्प सपाट, म्हणजे सगळे नॉब मधल्या खाचेवर, अ‍ॅम्पचा ईक्यू (लो, मिड आणि ट्रेबल कमी-जास्त करणारे नॉब) सपाट, पेडल बंद. अ‍ॅम्प कोपऱ्यातून बाहेर काढा आणि शक्य असेल तर खुर्चीवर किंवा केसवर चढवा. जमिनीवरचा अ‍ॅम्प तुमच्या पोटऱ्यांसाठी वाजत असतो. त्याचे मिड कानापर्यंत येतच नाहीत आणि मग माणूस ट्रेबल वाढवत सुटतो. लांब केबल लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा आणि तिथून, अख्खा बँड वाजत असताना, ऐका. ईक्यूचा निर्णय तिथेच घ्यायचा. एकट्याने वाजवून ठरवलेला टोन फक्त एकट्याने वाजवण्याच्या उपयोगाचा असतो. बँडमध्ये चांगला बसणारा बेस सुटा ऐकला तर बरेचदा थोडा ओबडधोबड, नाकातून बोलल्यासारखा वाटतो. त्याला घाबरू नका.

आता तुम्ही मागितलेलं ‘नेमकं सेटिंग’. ते मी देणार आहे, पण माझ्या क्रमाने. शैली आधी उजव्या हातात ठरते, मग पिकअपवर, मग टोनच्या नॉबवर. अ‍ॅम्प आणि पेडल सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात आणि पेडलमध्ये शोधत बसतात ते बोटाच्या जागेत सापडण्यासारखं असतं.

हे पटत नसेल तर ई तारेवर पाचव्या फ्रेटवरचा (दांड्यावरच्या पाचव्या पट्टीवरचा) ए धरा आणि कुठलाही नॉब न हलवता तीन ठिकाणी छेडा. आधी फ्रेटबोर्ड संपतो तिथे, मग दोन पिकअपच्या मधोमध, मग ब्रिजच्या, म्हणजे तारांचं खालचं टोक जिथे अडकवलेलं असतं त्या भागाच्या, अगदी जवळ. पहिल्या जागी सूर गोल आणि जाड येतो, कारण तार मध्याच्या जवळ छेडली की वरचे उपस्वर दबतात. ब्रिजजवळ तेच उपस्वर उफाळून येतात, मूळ सूर त्यांच्या मानाने बारीक होतो आणि आवाज आवळलेला, टोकदार लागतो. एवढा फरक बऱ्याच स्वस्त ईक्यूंना पूर्ण फिरवूनही साधत नाही. आता त्याच जागेवर हळू आणि जोरात वाजवून पाहा. जोरात वाजवलं की तार फ्रेटवर आपटते, खडखड वाढते आणि खर्ज उलट आक्रसतो. ‘बेसला दम नाही’ म्हणून जो जोर लावला जातो तोच दम घालवतो. हात हलका ठेवा, अ‍ॅम्प वर घ्या.

डाव्या हाताचं कामही टोनमध्येच धरा. सूर कुठे थांबवायचा हे तो ठरवतो. पुढचा सूर येईपर्यंत ताणून धरलेला सूर आणि स्नेअर ड्रमचा ठोका पडताक्षणी तोडलेला सूर, यांत ईक्यू एकच असला तरी गाणं बदलतं. न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवण्याची सवय नसेल तर आधी ती लावा. तुमच्या घुमण्यातला बराचसा भाग मोकळ्या ई आणि ए तारा आपोआप थरथरत राहिल्यामुळेही असू शकतो.

शैलीकडे जाण्याआधी बँडमधल्या शेजाऱ्यांशी बोला, कारण तळमजल्यावर तुम्ही एकटे राहत नाही. किक ड्रम (ड्रमर पायाने वाजवतो तो मोठा ड्रम) तिथेच आहे. तो ६० हर्ट्झच्या आसपास जाडजूड असेल तर तुम्ही ८० ते १०० च्या पट्ट्यात बसा. ड्रमरची किक टणटणीत आणि बारीक असेल तर तुम्ही खाली उतरू शकता. दोघांनी एकाच जागेवर जोर दिला की चिखल होतो. किबोर्डवाल्याचा डावा हात सतत खालच्या सप्तकात असेल तर त्याला तो वर घ्यायला सांगा. आणि तुम्हाला ‘वाढव’ म्हणणाऱ्या त्या गिटारवाल्याला त्याच्या अ‍ॅम्पवरचा बेसचा नॉब खाली आणायला सांगा. गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झला असते. त्याने घरी एकट्याने बसून तो नॉब वाढवलेला असतो, तुमच्यासारखाच. त्याला त्याचा आवाज सुटा ऐकताना पातळ वाटेल, बँडमध्ये मात्र तुम्ही दोघंही अचानक ऐकू यायला लागाल. हे बोलणं थोडं नाजूक असतं. आधी स्वतःचा नॉब कमी करून दाखवा, मग सांगा.

आता सोल. १९६० च्या दशकातल्या मोटाउन या अमेरिकन कंपनीच्या रेकॉर्डवर जो बेस ऐकू येतो, त्यातला मोठा वाटा जेम्स जेमरसनचा. त्याची सामग्री बघा : १९६२ चा प्रिसिजन, त्यावर जाड ला बेला फ्लॅटवाउंड तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, आणि छेडायला उजव्या हाताची फक्त तर्जनी. स्टुडिओत बहुतेकदा केबल थेट कन्सोलमध्ये. पेडल नाही. सूर येतो, जाड असतो, आणि पटकन विरतो. त्या विरण्यामुळेच त्याच्या सोळाव्या भागातल्या (एका मात्रेत चार सुरांच्या) चपळ हालचाली एकमेकींत मिसळत नाहीत. तुमच्या बेसवर हे असं करा : नेक पिकअप (दांड्याकडचा) पूर्ण, ब्रिज पिकअप (ब्रिजकडचा) बंद किंवा अगदी थोडा, प्रीअ‍ॅम्पचा ट्रेबल निम्म्याच्या खाली, मिड जागेवर. स्पंजचा एक छोटा तुकडा ब्रिजला लागून तारांखाली सरकवा, तारांना जेमतेम टेकेल इतपत. जास्त दाबला तर सूर मरतो आणि थोडा वर सरकल्यासारखाही वाटतो, म्हणून घातल्यावर ट्यूनर बघा. एकाच गाण्यासाठी स्पंज घालायचा-काढायचा कंटाळा असेल तर उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवा आणि अंगठ्याने वाजवा. साधारण तेच मिळतं.

म्यूट, म्हणजे असा दाबून ठेवलेला सूर, मऊच असतो, असं मात्र नाही. बेसवादक कॅरल के पिकने (बोटाऐवजी छोट्या चकतीने) वाजवायची, तारांवर फेल्टचा तुकडा ठेवून. सुराची सुरुवात स्पष्ट, शेपटी आखूड. लहान रेडिओवरही तो बेस कळायचा. तुमच्या एखाद्या सोलच्या गाण्यात खूप वाद्यं असतील आणि बोटाने वाजवलेलं बुडत असेल तर हे करून बघा.

रेगेत सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि तुमच्या घुमण्याचा मुख्य आरोपीही तुमचा रेगेचा पॅचच असावा असा मला संशय आहे. रेगे म्हटलं की लोक टोनचा नॉब (वरचे स्वर कापणारा) पूर्ण बंद करतात आणि वर लो पूर्ण उघडतात. दोन्ही एकदम केलं की सूर जाऊन नुसता दाब उरतो. टोन बंद केला आहे ना, मग लो जागेवरच राहू दे. वरचं काढल्यावर खालचं आपोआप पुढे येतं. पूर्ण नेक पिकअप, ट्रेबल जवळजवळ बंद, हात फ्रेटबोर्डच्या टोकावर, अंगठ्याचा किंवा बोटाचा मांसल भाग, नखाचा स्पर्शही नको. २०० ते ३०० हर्ट्झचा पट्टा कापू नका. सूर कोणता हे रेगेत तिथूनच कळतं, आणि फोनच्या स्पीकरवर रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला तर त्याच्या खालचं काही मिळतच नाही. उलट पेडलमध्ये हायपास फिल्टर (ठरावीक हर्ट्झच्या खालचं कापणारा) असेल तर तो ३५-४० हर्ट्झच्या आसपास लावा. तिथलं सुरात ऐकू येत नाही, फक्त अ‍ॅम्पची ताकद खातं.

बाकीचं काम गप्प राहण्याचं आहे. वन ड्रॉप तालात किकचा ठोका तिसऱ्या मात्रेवर येतो आणि पहिली मात्रा मोकळी सुटते. अशा रचनेत खर्जाला मुळातच ऐसपैस जागा असते, म्हणून तो मोठा वाटतो. तुम्ही ती जागा सुरांनी भरलीत तर कुठलाही नॉब मदतीला येणार नाही. आणि तुमच्या माहितीसाठी, बॉब मार्लीच्या द वेलर्सचा अ‍ॅस्टन बॅरेट वाजवायचा तो फेंडर जॅझ बेस, फ्लॅटवाउंड तारा लावून. पिकअपच्या बाबतीत तुम्ही त्याच घरातले आहात.

फंकसाठी तर तुमचा बेस आयताच योग्य आहे. स्लॅपची पद्धत रूढ झाली ती लॅरी ग्रॅहमपासून. आईबरोबर वाजवताना ड्रमर नसायचा, म्हणून तो अंगठ्याने तारेवर ठोका देऊन किकचं काम करायचा आणि बोटाने तार ओढून स्नेअरचं. हे लक्षात ठेवलं तर टोनही कळतो : ठोका खाली जड हवा आणि ओढ वर कडक. दोन्ही पिकअप पूर्ण उघडा. जॅझ पिकअपची जोडी एकाच पातळीवर असली की दोन गोष्टी आपोआप होतात. गुणगुण नाहीशी होते, कारण दोन्ही पिकअपची गुणगुण एकमेकींना मारते; आणि मिडमध्ये नैसर्गिक खळगा पडतो, कारण तारेच्या दोन वेगळ्या जागांवरून आलेला आवाज काही ठिकाणी परस्परांना खोडतो. स्लॅपचा तो चकचकीत आवाज याच खळग्यातून येतो. मार्कस मिलरचा १९७७ चा जॅझ बेस ऐकलात तर कळेल. खळगा आधीच पडलेला असताना अ‍ॅम्पवर मिड आणखी कापायचे म्हणजे बँडमध्ये स्वतःहून अदृश्य होणं. हवं तर ट्रेबल थोडा वाढवा, तारा नव्या राउंडवाउंड (गोल गुंडाळीच्या) ठेवा, आणि इथे कॉम्प्रेसर (मोठे सूर दाबून आवाज एकसारखा करणारा इफेक्ट) लावा : रेशो ४ ला १, अटॅक जलद, म्हणजे ओढलेले सूर ठोक्यांपेक्षा दुप्पट मोठे येणार नाहीत.

सगळं फंक स्लॅपचं नसतं, हेही सांगायला हवं. टॉवर ऑफ पॉवरचा रॉको प्रेस्टिया बोटांनीच वाजवायचा आणि डाव्या हाताने सूर अर्धवट दाबून ठेवायचा. त्या टकटकत्या सोळाव्या भागांसाठी ब्रिज पिकअप नेकपेक्षा थोडा जास्त ठेवा, हात ब्रिजकडे न्या, कॉम्प्रेसर बंद करा. घोस्ट नोट (सूर न लागता नुसता टक वाजणारा ठोका) आणि खऱ्या सुरांमधला लहान-मोठेपणा हीच तिथली गंमत, आणि कॉम्प्रेसर नेमकी तीच इस्त्री करून सपाट करतो.

ब्रिज पिकअप एकट्याने वापरायचा मोह कधीतरी होईलच. जाको पास्टोरियसने फ्रेट काढलेल्या १९६२ च्या जॅझ बेसवर प्रामुख्याने त्याच पिकअपचा सूर घेतला आणि १९७६ च्या त्याच्या पहिल्या अल्बमनंतर ती गाणारी, नाकातली मिड जगभरच्या बेसवाल्यांना हवी झाली. जरूर करून बघा. पण सिंगल कॉइल पिकअप एकटा असला की गुणगुण परत येते, आणि खर्ज बारीक होतो. तुमच्या यादीतल्या गाण्यांत तो एखाद्या सोलोपुरता बरा.

क्लासिक रॉकबद्दल फार काही सांगायला नको. त्या आवाजाच्या मागे अनेकदा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असतो. अ‍ॅम्पेगचा ३०० वॅटचा एसव्हीटी १९६९ मध्ये आला तो मोठ्या मंचांसाठीच. व्हॉल्व्ह जोरात चालवले की थोडे चुरडतात आणि त्या चुरडण्यातून मिड भरून येतात. तुमच्या पेडलमध्ये त्याची नक्कल असेलच. ड्राइव्ह (हे चुरडणं किती हवं तो नॉब) इतकाच ठेवा की हळू वाजवलं तर स्वच्छ आणि जोर दिला तर किंचित खरखर. पिकअप दोन्ही, पण नेक थोडा जास्त, म्हणजे खळगा भरून येतो. ५०० ते ८०० हर्ट्झ थोडे वर. पिक वापरायची असेल तर सगळे ठोके खालच्या दिशेनेच द्या, सूर एकसारखे पडतात. मिड वाढवायला अजूनही भीती वाटत असेल तर मोटरहेडचा लेमी आठवा : रिकनबॅकर, मार्शल, अ‍ॅम्पवर बेस आणि ट्रेबल जवळजवळ शून्यावर आणि मिड पूर्ण. तुम्ही एवढं टोक गाठू नका, पण तो कधी ऐकू आला नाही अशी तक्रार कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

मेटलवर जरा थांबू, कारण तिथे मल्टिइफेक्टवाल्यांचे हात सगळ्यात जास्त पोळतात. गिटारवाल्याच्या पद्धतीने डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) पूर्ण सोडलं की बेसचा तळ जातो. राहतो तो गिटारसारखाच गुरगुरणारा आणखी एक आवाज, आणि गिटार तर आधीच तिथे आहे. उपाय असा की आवाजाचे दोन रस्ते करायचे. एक रस्ता स्वच्छ, त्यात साधारण २०० ते २५० हर्ट्झच्या खालचा भाग, कॉम्प्रेसर लावून घट्ट धरलेला. दुसरा रस्ता डिस्टॉर्शनचा, त्यातला तळ कापलेला. दोन्ही शेवटी एकत्र. बऱ्याच मल्टिइफेक्टमध्ये असे समांतर रस्ते बनवता येतात; नसेल तर डिस्टॉर्शनच्या ब्लॉकमध्ये ‘ब्लेंड’ किंवा ‘मिक्स’ नावाचा नॉब शोधा आणि तो निम्म्यावर ठेवा. गेन तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी लागतो. गिटार सुरू झाली की तिचीच खरखर तुमच्या आवाजाला चिकटते. दोन-तीन किलोहर्ट्झच्या आसपास थोडी उठाण दिली की बोट तारेवर पडल्याचा टकटकाट कळतो. तुम्ही ट्यूनिंग खाली उतरवत असाल तर तारा जाड घ्या. सैल तारेला टोन नसतो, ती नुसती लोंबते, आणि सूरही धरत नाही.

मेटल म्हणजे नव्याकोऱ्या कडक तारा, हा समजसुद्धा अर्धाच खरा आहे. आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस फ्लॅटवाउंड तारांवर वाजवतो, प्रिसिजनवर, बोटांनी. त्याचा तो घोड्याच्या टापांसारखा दौडता टकटकाट बराचसा बोटं तारेला ज्या जोराने भिडतात त्यातून येतो. हात हलका ठेवा असं मी वर म्हटलं, त्याला तो सणसणीत अपवाद आहे.

आता तुमचा फाटणारा आवाज. अ‍ॅक्टिव्ह बेस आहे, तेव्हा आधी बॅटरी बदला. ९ व्होल्टची बॅटरी उतरायला लागली की जोरात वाजवलेले सूर आधी फाटतात, हळू वाजवलेले बरे येतात, म्हणून दोष अ‍ॅम्पचा वाटतो. केबल खोचलेली असेपर्यंत प्रीअ‍ॅम्प चालूच असतो. वाजवून झाल्यावर केबल बेसमधून काढत चला. बॅटरी बदलूनही फाटत असेल तर प्रीअ‍ॅम्पवर लो वाढवलेला आहे का बघा आणि पेडलचा इनपुट लेव्हल कमी करा. बेसवर लो, पेडलमध्ये पुन्हा लो, अ‍ॅम्पवर तिसऱ्यांदा लो, असं तीन ठिकाणी वाढवलं की कुठेतरी काहीतरी फाटणारच. वाढवायचं असेल तर एकाच ठिकाणी.

जाता जाता पिकअपची उंचीही तपासा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबा आणि पिकअप तिच्या किती जवळ आहे बघा. ई तारेच्या बाजूला तो फारच वर आला असेल तर चुंबक तारेला खेचतो आणि वरच्या फ्रेटवर सूर विचित्र लहरतो, जणू दोन सूर एकदम वाजताहेत. स्क्रू फिरवून थोडा खाली करा. खाली नेलात की आवाज लहान होतो, पण मोकळा आणि एकसारखा होतो. चारही तारांचे सूर एका पातळीवर येईपर्यंत हे करत राहिलात तर कॉम्प्रेसरचं निम्मं काम वाचतं.

फ्लॅटवाउंड तारा या बेसवर लावू नका, असं मी म्हणेन. सोल-रेगेला त्या स्वर्ग आहेत, पण मग तुमचं स्लॅप आणि आधुनिक मेटल मेलंच म्हणून समजा. शिवाय फ्लॅटवाउंडचा ताण बहुधा जास्त असतो, म्हणजे नेकचा बाक पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, आणि आवडल्या नाहीत तर परत तेच. तुमच्या सरमिसळ यादीसाठी निकेलच्या राउंडवाउंड लावा, ४५ ते १०५ गेजच्या (जाडीच्या). त्या नव्या असताना स्लॅप झकास होईल, थोड्या मुरल्या की सोल. मुरण्याआधी सोल हवा असेल तर टोनचा नॉब आणि तो स्पंज आहेच. स्टेनलेस स्टीलच्या तारा याहून चकचकीत असतात, पण तेवढी चमक तुमच्या निम्म्या गाण्यांत झाकावीच लागेल.

पॅचचं काय करायचं? पाचाचे तीन करा. एक स्वच्छ आणि सपाट, फक्त हायपास लावलेला : सोल, रेगे आणि बोटांचं फंक यावरच, बाकी सगळं हाताने आणि पिकअपच्या नॉबने. दुसरा स्लॅपचा, कॉम्प्रेसरसह; रॉकची हलकी खरखर यातच एका फूटस्विचवर ठेवता येईल, कॉम्प्रेसर बंद करून. तिसरा मेटलचा, दोन रस्त्यांचा. तिन्हींची पातळी रिहर्सलमध्येच, ड्रमर वाजवत असताना जुळवा. डिस्टॉर्शनचा पॅच घरी नेहमी मोठा वाटतो आणि बँडमध्ये लहान निघतो. स्लॅपचं याच्या बरोबर उलट. गाणं बदलताना कोणते नॉब कुठे न्यायचे ते गाण्यांच्या यादीच्या कागदावरच प्रत्येक नावापुढे दोन शब्दांत लिहा : ‘नेक, स्पंज’, ‘दोन्ही, ब्रिजजवळ’ वगैरे. मंचावर अंधारात एवढंच वाचता येतं. आणि साउंडवाल्याला आधी सांगा की कोणत्या गाण्यावर डिस्टॉर्शन येणार आहे, म्हणजे तो ऐन वेळी घाबरून तुमचा फेडर खाली ओढणार नाही.

राहिला प्रिसिजन. १९५१ पासूनचा बेस आहे, १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप मिळाला आणि तेव्हापासून तो मिक्समध्ये न भांडता बसतो, याचं साधं कारण म्हणजे एकच पिकअप, एकाच मोक्याच्या जागी. खोडाखोड नाही, म्हणून मिडचा खळगाही नाही. तुम्हाला तो का खुणावतोय ते कळतं. पण तुमच्या बेसचा नेक पिकअप एकटा उघडला की त्या दिशेने तुम्ही बरेच पोचता, आणि ज्या कारणांनी हा बेस हरवतोय त्याच कारणांनी प्रिसिजनही हरवेल. आधी काही रिहर्सली सपाट ईक्यूवर काढा. त्यानंतरही हात तिकडेच ओढत असेल तर खुशाल घ्या, पण तो घेतल्यावर तारांची अदलाबदल करत बसू नका. त्यावर फ्लॅटवाउंड कायमच्या आणि या बेसवर राउंडवाउंड. फ्लॅटवाउंड जुन्या झाल्या म्हणून बदलायच्याही नाहीत. जेमरसन तुटल्याशिवाय तार बदलत नसे.